दोन वस्तूंमधल्या प्रतिकर्षणावरून प्रभार कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात काय किंवा ऐरोली-नेरूळला काय, अकरावी-बारावीच्या वर्गात स्थिर विद्युतचा धडा सुरू झाला की ठरावीक प्रश्न येतातच. काही सीईटी, नीट, जेईईची गणिते सोडवताना अडलेल्यांचे असतात, काही घरी प्रयोग करून पाहणाऱ्यांचे, आणि अधूनमधून मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांचेही. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. वरून खाली वाचलीत तर जास्त उपयोग होईल, कारण पहिल्या उत्तरात जे सांगितले आहे तेच पुढे वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

बल दिले आहे, अंतर दिले आहे. मग प्रभार काढताना मुले अडतात कुठे?

कूलोमचा नियम सगळ्यांना पाठ असतो: बल = के × क्यू१ × क्यू२ ÷ आर². बल न्यूटनमध्ये, अंतर (आर) मीटरमध्ये, दोन्ही प्रभार (क्यू१, क्यू२) कूलोममध्ये. के हा स्थिरांक म्हणजे ८.९९ × १०⁹, गणितासाठी ९ × १०⁹. आता बल आणि अंतर माहीत असेल तर सूत्र उलटे करून काय हाती लागते? क्यू१ × क्यू२ = बल × आर² ÷ के. म्हणजे दोन प्रभारांचा गुणाकार. बल तुम्हाला फक्त गुणाकार सांगते, सुटे प्रभार कधीच सांगत नाही.

फ्लॅटच्या जाहिरातीत बेडरूम १२० चौरस फुटांची आहे एवढेच लिहिले असेल, तर ती १० बाय १२ आहे की ८ बाय १५, हे कसे कळणार? आणखी काहीतरी माहीत हवे. इथेही तसेच आहे. म्हणून गणित वाचल्यावर कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी एकच गोष्ट शोधायची: गुणाकाराखेरीज दुसरी माहिती कोणती दिली आहे? दोन्ही प्रभार सारखे आहेत? बेरीज दिली आहे? एक दुसऱ्याच्या तिप्पट आहे? ती दुसरी माहिती सापडली की अर्धे गणित सुटले.

मायक्रोकूलोम, सेंटिमीटर आणि घातांकांच्या गोंधळात चूक होते. सोपा मार्ग आहे का?

आहे. प्रभार मायक्रोकूलोममध्ये (कूलोमचा दहा लाखावा भाग) आणि अंतर सेंटिमीटरमध्ये ठेवले, तर सगळे घातांक एकमेकांत विरघळतात आणि सूत्र होते: बल = ९० × गुणाकार ÷ अंतराचा वर्ग. बल न्यूटनमध्येच येते. पडताळून पाहा: १-१ मायक्रोकूलोमचे दोन प्रभार १० सेंटिमीटरवर ठेवले तर ९० × १ ÷ १०० = ०.९ न्यूटन. लांबच्या रीतीनेही तेवढेच येते. बोर्डाच्या पेपरात मात्र पूर्ण एककांसह पायऱ्या दाखवा, गुण पायऱ्यांना असतात. हे सूत्र उत्तर तपासायला आणि सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षांना ठेवा. खालची गणिते याच सूत्राने केली आहेत.

दोन्ही प्रभार समान असतील तर?

सर्वांत सरळ प्रकार. समजा दोन गोळे ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि ०.४ न्यूटन बलाने एकमेकांना दूर लोटत आहेत. गुणाकार = ०.४ × ९०० ÷ ९० = ४. प्रभार समान, म्हणून वर्गमूळ घ्या: प्रत्येकी २ मायक्रोकूलोम.

उत्तर धन लिहायचे की ऋण?

बलावरून ते ठरत नाही. प्रतिकर्षण आहे याचा अर्थ दोन्ही प्रभार सजातीय आहेत, एवढाच. दोन्ही धन असतील तरी गुणाकार ४, दोन्ही ऋण असतील तरी ४. गणितात चिन्हाबद्दल काही सांगितले नसेल तर ‘दोन्ही +२ किंवा दोन्ही −२ मायक्रोकूलोम’ असे लिहा. वर्गमूळ घेताना वजा चिन्ह सोडून देणे ही फार जुनी खोड आहे आणि इथे ती गुण खाते.

एकूण प्रभार दिला असेल तर वर्गसमीकरण कसे मांडायचे?

तेच गोळे, तेच ३० सेंटिमीटर, तेच ०.४ न्यूटन. पण आता प्रभार समान आहेत असे म्हटलेले नाही, दोन्ही मिळून ५ मायक्रोकूलोम आहेत असे दिले आहे. गुणाकार ४, बेरीज ५. दहावीत शिकलो तसे: एक्स² − ५एक्स + ४ = ०. मुळे १ आणि ४. म्हणजे एका गोळ्यावर १ आणि दुसऱ्यावर ४ मायक्रोकूलोम.

इथे क्षणभर थांबा. आधीच्या गणितात २ आणि २ होते, इथे १ आणि ४ आहेत, आणि बल दोन्हीकडे अगदी तेवढेच आहे. ०.५ आणि ८ घेतले तरी तेवढेच येईल. बल गुणाकारापलीकडे काही सांगत नाही म्हणतात ते यासाठी.

वर्गसमीकरणात मुळाखाली ऋण संख्या आली. माझे काय चुकले?

बहुतेक वेळा सेंटिमीटरचे मीटर करताना किंवा अंतराचा वर्ग घेताना काहीतरी निसटलेले असते. पण कधी कधी चूक गणित रचणाऱ्याचीही असते, आणि ते ओळखता आले पाहिजे. समजा गुणाकार ४ आणि बेरीज ३ दिली. विवेचक ९ − १६ = −७. असे दोन सजातीय प्रभार अस्तित्वातच असू शकत नाहीत. कारण गुणाकार ठरलेला असताना बेरीज सर्वांत कमी होते ती दोन्ही प्रभार समान असताना. बेडरूमचे क्षेत्रफळ ठरलेले असेल तर भिंतींची एकूण लांबी चौरस खोलीत सर्वांत कमी होते, तेच हे. गुणाकार ४ असेल तर बेरीज निदान ४ हवीच. नियम असा लक्षात ठेवा: प्रतिकर्षणाच्या गणितात बेरजेचा वर्ग गुणाकाराच्या चौपटीपेक्षा कमी असेल, तर दिलेली माहितीच विसंगत आहे.

आकर्षणाच्या गणितात ही अडचण येत नाही. तिथे गुणाकार ऋण असतो, त्यामुळे विवेचक नेहमीच धन येतो.

दोन वेगवेगळ्या अंतरांवरची बले दिली असतील तर दोन समीकरणे मिळतील ना?

मिळतात, पण दोन्हींत एकच गोष्ट सांगितलेली असते. अंतर दुप्पट केले की बल चतुर्थांश होणार हे नियमातूनच ठरले आहे, त्यामुळे दुसऱ्या समीकरणातून पुन्हा तोच गुणाकार निघतो. त्याचा उपयोग मोजमाप तपासायला होतो, प्रभार सुटे करायला होत नाही. अनेक हुशार मुलेही इथे पानभर बेरीज-वजाबाकी करतात आणि शेवटी ० = ० वर येऊन थांबतात.

मग प्रयोगात प्रभार सुटे कसे करतात?

गोळे एकसारखे आणि धातूचे असतील तर त्यांना एकमेकांना टेकवायचे. एकूण प्रभार दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. नंतर त्याच अंतरावर नेऊन पुन्हा बल मोजायचे. वरच्या उदाहरणात आधी ०.४ न्यूटन होते. टेकवल्यावर प्रत्येकी २.५ मायक्रोकूलोम, गुणाकार ६.२५, बल ०.६२५ न्यूटन. पहिल्या मोजमापातून गुणाकार मिळाला, दुसऱ्यातून बेरीज. आता १ आणि ४ सुटे होतात.

फक्त एक प्रश्न शिल्लक राहतो: ४ कोणत्या गोळ्यावर होता? ते या दोन मोजमापांतून कळत नाही, कारण सूत्रात दोघांची जागा सारखीच आहे. त्यासाठी टेकवण्याआधीच प्रत्येक गोळा आळीपाळीने एखाद्या तिसऱ्या प्रभारित गोळ्यासमोर तितक्याच अंतरावर धरून बघावे लागते.

‘आधी आकर्षण, टेकवल्यावर प्रतिकर्षण’ हे गणित कसे सोडवायचे?

जेईई-नीटच्या सराव संचांत हे हमखास असते. दोन एकसारखे धातूचे गोळे ३० सेंटिमीटरवर १.२ न्यूटनने एकमेकांना ओढतात. टेकवून पुन्हा तितक्याच अंतरावर ठेवल्यावर ०.४ न्यूटनने दूर लोटतात. मूळ प्रभार किती?

शेवटाकडून सुरुवात करा. टेकवल्यावर दोघांवर समान प्रभार, गुणाकार ४, म्हणजे प्रत्येकी २. एकूण ४. टेकवण्याआधी नि नंतर एकूण प्रभार तेवढाच राहतो, म्हणून मूळ बेरीजही ४. मूळ गुणाकार: १.२ × ९०० ÷ ९० = १२, पण आकर्षण आहे म्हणून −१२. एक्स² − ४एक्स − १२ = ०. मुळे ६ आणि −२. उत्तर: +६ आणि −२ मायक्रोकूलोम, किंवा चिन्हे उलट करून −६ आणि +२. यात ‘−१२’ मधले वजा चिन्ह विसरले की मुळाखाली ऋण संख्या येते आणि मग गाडी पुढे सरकत नाही.

मोठा प्रभार असलेला गोळा दुसऱ्याला जास्त जोराने ढकलतो का?

नाही. १ मायक्रोकूलोमवाल्यावर जितके बल, तितकेच ४ मायक्रोकूलोमवाल्यावर. न्यूटनचा तिसरा नियम इथेही लागू आहे. एकाच बिंदूपासून सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी लटकवलेले सारख्या वजनाचे दोन मणी, प्रभार कितीही असमान असले तरी, उभ्या रेषेपासून सारख्याच कोनात उघडतात. कोन वेगळे दिसले तर फरक वजनात शोधा. हलका मणी जास्त दूर जातो.

हा प्रयोग घरी करून खरा प्रभार काढता येईल?

येईल, आणि जरूर करावा. सूत्रात कोंबलेले आकडे आणि डोळ्यांसमोर उघडणारे दोन मणी यांत फार फरक आहे.

टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचे साधारण १ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोळे कापा आणि त्यांना किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा. दोरा रेशमी किंवा नायलॉनचा घ्या. सुती दोरा हवेतला ओलावा धरतो आणि प्रभार त्यातून निसटतो. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे, ५० सेंटिमीटर, एकाच बिंदूपासून लटकवा. पंखा बंद, खिडक्या बंद. प्लंबरकडे मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या कापडावर जोरात घासून दोन्ही मण्यांना एकदमच लावा. मणी झटक्यात अलग होतील आणि अलगच राहतील.

एका मण्याचे वजन घरच्या काट्यावर कळणार नाही. सराफाच्या काट्यावर करून आणा. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीत ओळखीचा सराफ असेल तर तो करून देतो. दोन्ही मणी एकत्र तोलून दोनाने भागलेत तर आकडा जास्त भरवशाचा.

आता गणित. समजा मणी ०.१ ग्रॅमचा आणि दोन मण्यांच्या मध्यांमधले अंतर ६ सेंटिमीटर भरले. प्रत्येक मणी उभ्या रेषेपासून ३ सेंटिमीटर सरकला, दोरा ५० सेंटिमीटरचा, म्हणून कोनाची स्पर्शज्या (टॅन) जवळजवळ ०.०६. बल = वजन × स्पर्शज्या = ०.०००१ × ९.८ × ०.०६ = ५.९ × १०⁻⁵ न्यूटन. गुणाकार = बल × ०.०६² ÷ (९ × १०⁹) = सुमारे २.३५ × १०⁻¹⁷. दोन्ही मणी एकसारखे आणि प्रभार एकत्रच दिला, म्हणून समान धरायला हरकत नाही. वर्गमूळ ४.९ × १०⁻⁹ कूलोम, म्हणजे जवळजवळ ५ नॅनोकूलोम. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. भागाकार केलात तर प्रत्येक मण्यावर सुमारे ३००० कोटी जादा इलेक्ट्रॉन बसल्याचे कळते. पीव्हीसी लोकरीवर घासल्यावर ऋण होते, म्हणून जादाच. चिन्ह बलातून नाही मिळाले, ते पदार्थाच्या माहितीतून आले.

पट्टीने अंतर मोजताना थोडी चूक झाली तर किती फरक पडतो?

वाटते त्याहून जास्त. या रचनेत बलही अंतरावरूनच काढले आहे, त्यामुळे प्रभाराचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अंतरात १० टक्के चूक, तर प्रभारात सुमारे १५ टक्के. पट्टी मण्यांजवळ नेऊ नका, तिच्यामुळे मणी हलतात. मागे भिंतीवर आलेख कागद लावा आणि मोबाइलने जरा लांबून, मण्यांच्या उंचीवरून फोटो काढून त्यावर मोजा.

पुस्तकात मायक्रोकूलोम आणि घरी नॅनोकूलोम. हजारपटीचा फरक कशाने?

हवेमुळे. पृष्ठभागाजवळचे विद्युत क्षेत्र मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास गेले की कोरडी हवासुद्धा टिकाव धरत नाही, ठिणगी पडते आणि प्रभार निघून जातो. या मर्यादेने १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर जास्तीत जास्त ३३ नॅनोकूलोम मावतात. आपल्या मण्याची त्रिज्या अर्धा सेंटिमीटर, त्याची मर्यादा ८ नॅनोकूलोमच्या आसपास. म्हणून ५ हे उत्तर पटण्याजोगे आहे. ५०० आले असते तर दशांश चिन्ह पुन्हा तपासावे लागले असते.

उलट वरच्या गणितातले ६ मायक्रोकूलोम धरायला १३ सेंटिमीटरहून जास्त त्रिज्येचा गोळा लागेल, आणि असे दोन गोळे ३० सेंटिमीटरवर ठेवले तर ते जवळजवळ चिकटतील. ती गणिते पद्धत शिकण्यासाठी आहेत. आणि एक पूर्ण कूलोम? १-१ कूलोमचे दोन प्रभार १ मीटरवर ठेवता आले असते, तर त्यांच्यातले बल सुमारे ९ लाख टनांच्या वजनाइतके झाले असते.

मण्यांमधले गुरुत्वाकर्षण का धरत नाही?

वरच्या मण्यांमध्ये ते विद्युत बलाच्या सुमारे ३०,००० कोटींव्या हिश्श्याइतके भरते. पट्टीवर दिसणाऱ्या कुठल्याही चुकीपुढे ते काहीच नाही.

कूलोमने हे मोजले तरी कसे? तेव्हा प्रभाराचे एकक तरी होते का?

एकक नव्हते, आणि तरीही त्याला अडले नाही. शार्ल ओग्युस्तँ द कूलोम हा फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर. १७८५ मध्ये त्याने पीळ तराजूवर प्रतिकर्षण मोजले. बारीक चांदीच्या तारेला आडवी काडी टांगलेली, काडीच्या टोकाला एक गोळी, तिच्याशेजारी तसाच एक स्थिर गोळा. दोघांना सारखा प्रभार दिला की काडी फिरते आणि तारेला पीळ बसतो. पीळ जितका जास्त तितके बल जास्त.

त्याचे आकडे आजही समोर मांडून बघावेत असे आहेत. पहिल्यांदा गोळ्या ३६ अंशांवर स्थिरावल्या. मग त्याने वरून तारेला १२६ अंश पीळ दिला, गोळ्या १८ अंशांपर्यंत जवळ आल्या; एकूण पीळ १२६ + १८ = १४४. पुढे ५६७ अंश पीळ दिल्यावर गोळ्या साडेआठ अंशांवर आल्या, एकूण ५७५.५. अंतर ३६, १८, ८.५ आणि बल ३६, १४४, ५७५.५. अंतर निम्मे झाले की बल चौपट, पुन्हा जवळजवळ निम्मे झाले की पुन्हा चौपट. प्रभार किती आहे हे माहीत नसताना केवळ गुणोत्तरांवरून नियम सिद्ध झाला. प्रभार बदलून पाहायचा तर गोळ्याला तसाच दुसरा प्रभाररहित गोळा टेकवायचा, की प्रभार बरोबर निम्मा. ‘कूलोम’ हे एकक पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत स्वीकारले गेले. १९०९ पासून मिलिकनच्या तेलथेंबाच्या प्रयोगांनी इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजता आला, आणि २०१९ पासून तो १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम असा नेमका ठरवूनच टाकला आहे.

आकर्षण दिसले तर वस्तू प्रभारित आहे असे म्हणता येते का?

नाही. घासलेला कंगवा कागदाच्या तुकड्यांना ओढतो, कागदावर मात्र निव्वळ प्रभार शून्य असतो. प्रतिकर्षण हीच खात्रीची खूण. त्यातही एक बारकावा आहे: धातूचे दोन गोळे फार जवळ आणले आणि प्रभार खूप असमान असले, तर प्रवर्तनामुळे (म्हणजे एकाच्या प्रभारामुळे दुसऱ्यातला प्रभार सरकल्यामुळे) सजातीय असूनही ते एकमेकांना ओढू शकतात. कूलोमचे सूत्र बिंदुप्रभारांचे आहे. गोळ्यांच्या आकाराच्या मानाने अंतर बरेच मोठे असेल तेव्हाच ते निर्धास्तपणे वापरा.

पावसाळ्यात प्रयोग फसतो. दमट हवेत के बदलतो का?

के जवळजवळ तसाच राहतो. बदलते ते मण्यावर आणि दोऱ्यावर बसणारे पाण्याचे अदृश्य पातळ आवरण, आणि प्रभार त्याच्यावरून पळून जातो. खाडीच्या दोन्ही काठांवर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा मणी उघडतात आणि बघता बघता मिटतात. डिसेंबर-जानेवारीतली दुपार निवडा. पावसाळ्यातच करायचे असेल तर एसीच्या खोलीत करा आणि पाइप, कापड, दोरा आधी हेअर ड्रायरने नीट वाळवून घ्या.

घासण्याऐवजी घरातल्या सॉकेटमधून मण्याला प्रभार देता येईल का?

अजिबात नाही. जिवावर बेतेल. शिवाय तो एसी करंट आहे, मण्यावर टिकणारा प्रभार त्यातून मिळणारही नाही.

सरावाला एक गणित द्याल?

दोन एकसारखे धातूचे गोळे २० सेंटिमीटरवर २.७ न्यूटनने एकमेकांना दूर लोटतात. टेकवून पुन्हा तितक्याच अंतरावर ठेवल्यावर ३.६ न्यूटनने. मूळ प्रभार काढा. उत्तर २ आणि ६ मायक्रोकूलोम यायला हवे, दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण.

सोडवून झाले की दुसऱ्या आकड्याच्या जागी २.४ घालून पाहा. मुळाखाली ऋण संख्या येईल. सजातीय प्रभारांचे गोळे टेकवल्यावर प्रतिकर्षण वाढते किंवा तेवढेच राहते, कमी होत नाही. खऱ्या प्रयोगात ते कमी भरले, तर दोन मोजमापांच्या मधल्या वेळात प्रभार गळला आहे. दोरा बदला, हात कोरडे करा आणि पुन्हा मोजा.